पैसे गेले का? वेब सर्व्हिस तपासणं म्हणजे नेमकं काय

दुकानदार मान हलवतो, "नाही आले अजून." तुमच्या फोनवर गोल चक्र फिरतंय. मागे उभा असलेला माणूस खाकरतो. आणि तुमच्या डोक्यात एकच प्रश्न: पैसे गेले का? मराठीत या प्रश्नाचे दोन अर्थ होतात, एक बँकेतला आणि एक कपाळावर हात मारायचा. त्या क्षणी तुम्हाला दोन्ही ऐकू येत असतात.

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या धंद्यात मला बरीच वर्षं झाली. घरी कोणी विचारलं की तू दिवसभर करतोस तरी काय, तर हल्ली मी हाच प्रसंग सांगतो. एका यंत्रानं दुसऱ्याला "पैसे गेले का?" असं विचारलं आणि उत्तरच आलं नाही, तर पहिल्यानं काय करायचं? ते कुठे लिहिलंय का? आणि लिहिल्याप्रमाणे खरंच होतं का? हे बघायचा मला पगार मिळतो.

वेब सर्व्हिस म्हणजे यंत्रांसाठी उघडलेली खिडकी. वेबसाइटवर माणूस येतो. पान अर्धवट आलं, बटण भलतीकडे सरकलं, तरी तो डोकं चालवून मार्ग काढतो. वेब सर्व्हिसच्या खिडकीशी दुसरं यंत्र उभं असतं आणि त्याला डोकं नसतं. ठरलेल्या साच्यात निरोप द्यायचा, ठरलेल्या साच्यात उत्तर घ्यायचं, एवढंच त्याला येतं.

यूपीआय हे आपल्या सगळ्यांच्या खिशातलं उदाहरण, म्हणून तेच घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत तेव्हाचे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ते सुरू झालं, आणि ते चालवणारी एनपीसीआय ही संस्थाही मुंबईचीच. तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकता तेव्हा निरोप तुमच्या ॲपच्या बँकेकडून एनपीसीआयकडे जातो. तिथून तुमच्या खात्याच्या बँकेला सांगितलं जातं की एवढे कापा. ते झालं की दुकानदाराच्या बँकेला सांगितलं जातं की एवढे जमा करा. मग उत्तरं उलट्या वाटेनं परत येतात, आणि शेवटी दुकानदाराची ती पेटी बोलते. यातला प्रत्येक निरोप एक्सएमएलच्या, म्हणजे प्रत्येक माहितीवर नावाची चिठ्ठी लावणाऱ्या साच्यातला, आणि प्रत्येकाला नाव आहे: पैसे देण्याचा वेगळा, पत्ता खरा आहे का ते विचारण्याचा वेगळा, मधूनमधून "आहेस ना रे?" असं विचारणारा हार्टबीटचा वेगळा. आणि एक निरोप फक्त चौकशीचा, चेक ट्रान्झॅक्शन. म्हणजे यंत्रांच्या भाषेतलं "पैसे गेले का?"

हा शेवटचा निरोप लक्षात ठेवा.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. त्या दिवशी काही तास देशभर यूपीआय अडखळत होतं. तीन आठवड्यांच्या आतच ते आधीही अडखळलं होतं, त्यामुळे लोक वैतागलेले होते. एनपीसीआयनं कारण शोधलं तेव्हा बोट या चौकशीकडेच गेलं. काही बँकांच्या यंत्रणा चेक ट्रान्झॅक्शनचे निरोप इतक्या भराभर पाठवत होत्या, जुन्या व्यवहारांचेसुद्धा, की मुख्य यंत्रणेला मूळ काम करायला उसंतच मिळेना. ती मंदावली, म्हणून आणखी व्यवहार अधांतरी राहिले, म्हणून आणखी चौकशा सुरू झाल्या. आजाऱ्याला भेटायला एवढी माणसं आली की डॉक्टरला आत शिरता येईना, तसं झालं.

त्यानंतर नियम काटेकोर झाले. तेव्हा ठरलं ते असं: व्यवहार सुरू झाल्यावर ९० सेकंद तरी थांबायचं, मगच पहिली चौकशी, आणि एका व्यवहाराची चौकशी जास्तीत जास्त तीनदा.

या प्रसंगात कुठलाही निरोप चुकीचा नव्हता. साचा बरोबर, सही बरोबर, उत्तरही बरोबर. "चालतं का?" एवढंच तपासणारी कुठलीही टेस्ट त्यावर हिरवी खूणच करणार. गडबड होती ती समोरचा गप्प झाल्यावर आपण कसे वागतो यात. आमच्या धंद्यातल्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगतो: सर्व्हिस तब्येतीत असताना कशी वागते ते डेव्हलपरनं आधीच पाहिलेलं असतं. तुम्ही ती आजारी पाडा.

तिसरं उत्तर

माणसाला वाटतं उत्तरं दोनच, हो किंवा नाही. नेटवर्कवर तिसरं असतं, ते म्हणजे काहीच न येणं. सगळा त्रास याच तिसऱ्यात भरलेला आहे.

समजा, "या खात्यातून ५०० कापा" असा निरोप तुम्ही बँकेला पाठवला आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही. तीन शक्यता आहेत. निरोप पोचलाच नाही. पोचला, पैसे कापले, पण उत्तर वाटेत हरवलं. किंवा पोचला आणि बँक अजून विचार करतेय. तुमच्या बाजूनं बघितलं तर तिन्ही शक्यता हुबेहूब सारख्या दिसतात. कितीही हुशार प्रोग्रामर आणा, इकडे बसून त्याला त्या वेगळ्या करता येणार नाहीत.

मग पुन्हा पाठवायचं का? पहिली शक्यता खरी असेल तर पाठवायलाच हवं. दुसरी खरी असेल तर हजार कापले जातील.

यावरचा तोडगा आपल्या घरात पूर्वीपासून आहे. दुधाचा रतीब लावलेल्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत "१ लि." असं लिहून ठेवतात. दूधवाल्याला शंका आली की आज इथे घातलं की नाही, तर तो चौकट बघतो. लिहिलेलं असलं तर पुन्हा ओतत नाही. व्यवहाराचा क्रमांक म्हणजे ती चौकट. तोच क्रमांक घेऊन निरोप दुसऱ्यांदा आला तर बँकेनं पैसे पुन्हा कापायचे नाहीत, फक्त पहिलंच उत्तर परत द्यायचं. याला आयडेम्पोटन्सी असं तोंडाला फेस आणणारं नाव आहे. मी टीममध्ये सरळ "रतीबाची टेस्ट" म्हणतो. तोच निरोप दोनदा पाठवा, मग एकाच क्षणी दोनदा पाठवा (ही खरी कसोटी, कारण दोन्ही हात एकदमच चौकट बघतात आणि दोघांनाही ती रिकामी दिसते), आणि मग पहिल्याचं उत्तर यायच्या आत सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा. पहिल्या प्रकारात बहुतेक सगळे पास होतात. तिसऱ्यापर्यंत पोचतात ते थोडे.

हे करायला खरी बँक कोण देणार? म्हणून आम्ही खोटी बँक बांधतो. छोटासा प्रोग्राम, खऱ्या बँकेच्या साच्यात उत्तरं देणारा, फक्त त्याला आम्ही मुद्दाम वाईट सवयी लावतो. तीस सेकंदांची मुदत असेल तर एकोणतिसाव्या सेकंदाला उत्तर दे. एकच उत्तर दोनदा दे. दुसऱ्याच व्यवहाराचं उत्तर दे. दार उघड आणि नुसता बघत बस. एक्सएमएल अपेक्षित असताना "५०२ बॅड गेटवे" असं लिहिलेलं वेबपान पाठव. ही शेवटची सवय तर खऱ्या जगात रोज दिसते, कारण मधला एखादा सर्व्हर यंत्राशी बोलतोय हे विसरून माणसासाठी बनवलेलं माफीनाम्याचं पान पुढे करतो.

एका कामावर आमच्या खोट्या बँकेनं दाखवलेली गोष्ट अजून आठवते. बँकेकडून येणाऱ्या पाकिटावर "२००, सगळं ठीक" असा शिक्का आणि पाकिटाच्या आत चिठ्ठी: "तांत्रिक अडचण, व्यवहार झाला नाही." ॲपनं शिक्का वाचला, पाकीट उघडलंच नाही, आणि ग्राहकाला हिरवी बरोबरची खूण दाखवली. तीन महिने चाललेल्या प्रोजेक्टमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्या तीन महिन्यांत बँकेच्या चाचणी सर्व्हरनं एकदाही अडचण आल्याचं सांगितलं नव्हतं.

मुद्दाम मोडून बघण्याची ही रीत नेटफ्लिक्सनं टोकाला नेली. त्यांचा केऑस मंकी नावाचा प्रोग्राम चालू असलेल्या खऱ्या यंत्रणेतले सर्व्हर मनाला येईल तसे बंद पाडत सुटायचा. २०१२ मध्ये त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. भर दिवसा, इंजिनिअर जागेवर असताना मोडलेलं बरं, रात्री दोनला मोडण्यापेक्षा, असा साधा हिशेब. आपल्याकडे बँकेत जाऊन हे सुचवून बघा. चहासुद्धा विचारणार नाहीत. पण चाचणीच्या यंत्रणेवर करायला कुणाची हरकत नसते, आणि तिथेही कोणी करत नाही, याचा मला जास्त राग येतो.

विश्वासार्हतेचा हिशेब करताना टक्क्यांनी फसू नका. ९९.९ टक्के ऐकायला बोर्डात आल्यासारखं वाटतं. वर्षाचे तास ८,७६०, त्यातला ०.१ टक्का म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तास बंद. आणि असे पाच जण एकामागोमाग एक साखळीत असतील, प्रत्येकाचं दुखणं स्वतंत्र असेल, तर पाचही एकाच वेळी धड असण्याचं प्रमाण ९९.५ टक्क्यांवर येतं. म्हणजे वर्षात जवळजवळ ४४ तास कुठेतरी काहीतरी अडलेलं. यूपीआयच्या एका व्यवहारात कितीजण असतात ते वर मोजलंच आहे.

म्हणूनच अडल्यावर काय, याचे नियम कागदावर असावे लागतात. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे: यूपीआयवरून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराच्या बाबतीत ही मुदत पाच दिवसांची. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. टेस्टरच्या दृष्टीनं हे फार सुंदर वाक्य आहे, कारण ते जसंच्या तसं टेस्ट म्हणून लिहिता येतं.

दर्शनबारीचं गणित

मार्च २०२५ मध्ये यूपीआयवर सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले. महिन्याच्या सेकंदांनी भागा, दर सेकंदाला सुमारे ६,८०० येतात. हा आकडा घेऊन कोणी म्हणालं की चला, ६,८०० ची लोड टेस्ट करू, म्हणजे एवढा भार टाकून बघू, तर त्याला आधी बसवून पाणी द्या. या सरासरीत पहाटेचे तीन वाजलेलेही धरलेत. खरा लोंढा पगाराच्या तारखेला संध्याकाळी येतो.

सरासरीचा दुसरा दगाफटका वेळेत. दहा विचारणा केल्या. नऊंना ०.२ सेकंद लागले, दहावीला ८. सरासरी येते ०.९८ सेकंद. अहवालात "सरासरी प्रतिसाद एका सेकंदाच्या आत" असं छापून येतं आणि सगळे खूश. पण एक सेकंद कुणालाच लागलेला नाही. नऊजण झटकन गेले आणि एक जण घाम पुसत उभा आहे. म्हणून आम्ही विचारणा वेळेनुसार रांगेत लावतो आणि शंभरातला पंचाण्णवावा किंवा नव्व्याण्णवावा माणूस किती वेळ थांबला ते बघतो. "नव्व्याण्णवाव्याचं काय कौतुक, एकालाच तर त्रास" असं वाटत असेल तर एक हिशेब बघा. तुमचं एक पान भरायला आतून शंभर सर्व्हिसना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हिस शंभरातून एकदाच रेंगाळत असेल, तर शंभरही वेळेवर येण्याची शक्यता ३७ टक्केच उरते. दर शंभर पानांतली ६३ रेंगाळणार. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये हेच गणित मांडलं होतं.

आता यंत्रणा कोसळते कशी, ते जरा जवळून बघू. दर्शनबारी डोळ्यांपुढे आणा. समजा मिनिटाला ३० भाविक बारीत शिरतायत आणि प्रत्येकाला दर्शन घेऊन बाहेर पडायला ४० मिनिटं लागतायत. तर बारीत कुठल्याही क्षणी १,२०० माणसं असणार. येण्याचा वेग गुणिले लागणारा वेळ. अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता दिली, म्हणून लिटलचा नियम.

हाच नियम सर्व्हिसला लावा. सेकंदाला १०० विचारणा येतात, प्रत्येकीला ०.२ सेकंद लागतो. एका वेळी २० जणी आत. टॉमकॅट नावाचा सर्व्हर बऱ्याच ठिकाणी वापरतात, त्यात विचारणा हाताळणारे कामगार, म्हणजे थ्रेड, मुळात २०० असतात. वीसचं काम, दोनशे हात, मजा आहे. आता पलीकडची बँक मंदावली. बंद पडली नाही, नुसती मंदावली, आणि दर विचारणेला ३ सेकंद घ्यायला लागली. आता लागतात ३०० हात. आहेत २००. सेकंदाला १०० येतायत आणि ६७ च निपटतायत, ३३ बाहेर साठतायत. एका मिनिटात दाराशी २,००० उभ्या. आणि गंमत म्हणजे आपल्या सर्व्हरचा सीपीयू, म्हणजे गणितं करणारा मेंदू, तेव्हा निवांत असतो, कारण दोनशेही हात नुसते बँकेची वाट बघत बसलेत. डॅशबोर्डवर सीपीयूचा आलेख बघणारा माणूस शपथेवर सांगतो की आपल्याकडे काही प्रॉब्लेम नाही.

जून २०२५ मध्ये एनपीसीआयनं पैसे देण्याच्या निरोपाची कमाल वाट ३० सेकंदांवरून १५ वर आणली आणि चौकशीची ३० वरून १०. "ग्राहकाला लवकर उत्तर" असं त्याचं वर्णन झालं, आणि ते खरंही आहे. पण वरचं गणित केलंत तर दुसरा फायदा दिसेल. वाट बघायची मुदत निम्मी केली की मंदावलेल्या बँकेपायी अडकून पडणारे हातही निम्मे होतात.

आता यात रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न करणं, मिसळा. उत्तर नाही आलं तर तीनदा प्रयत्न करा, असं ॲपमध्ये लिहिलंय. ॲपच्या सर्व्हरमध्येही कुणी तसंच लिहिलंय. बँकेशी जोडणाऱ्या भागातही. तिघंही शहाणे, तिघांनीही काळजीनंच लिहिलंय. ग्राहकानं बटण एकदा दाबलं की थकलेल्या बँकेच्या दारात २७ निरोप जातात. म्हणून रिट्राय तपासताना "करतो का?" याच्याबरोबर "थांबतो का?" हेही बघावं लागतं. एक सेकंदानं, मग दोन, मग चार, मग आठ, आणि त्यात थोडा अनियमितपणा, नाहीतर सगळे एकाच सेकंदाला परत येऊन धडकतात.

लोड टेस्ट करणारेही फसतात, आणि हे मी स्वतः अनेकदा केलंय. तुमचं टूल दर सेकंदाला एक विचारणा पाठवतंय, पण आधीचीचं उत्तर आल्याशिवाय पुढची पाठवत नाही. दहा मिनिटांच्या चाचणीत मध्येच सर्व्हर मिनिटभर गोठला. टूल काय लिहितं? ५४० चांगल्या, १ वाईट. नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त हिरवं. खऱ्या जगात त्या मिनिटात ६० माणसं आली असती, पहिला ६० सेकंद थांबला असता, दुसरा ५९, तिसरा ५८. सहाशेतले साठ, दहा टक्के. सर्व्हर गोठला तेव्हा मोजणाराही शिष्टाचार म्हणून थांबला, त्यामुळे वाईट नोंदी झाल्याच नाहीत. गिल टेने या इंजिनिअरनं याला कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलं. टूलमध्ये "उत्तराची वाट न बघता ठरलेल्या वेगानं पाठव" असा पर्याय असतो, तो शोधा.

अचानक येणाऱ्या लोंढ्याबद्दल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, सकाळी दहाला आणि अकराला तत्काळ तिकीट काढायला बसलेल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चारला १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविनवर नोंदणी उघडली तेव्हाही सुरुवातीला यंत्रणा अडखळलीच. पुढे कोविनच्या खुल्या सेवेवर एका आयपीवरून (म्हणजे एका इंटरनेट पत्त्यावरून) दर ५ मिनिटांत १०० विचारणा अशी मर्यादा होती, आणि रिकाम्या जागांची माहिती अर्धा तास जुनी असू शकेल असंही सांगून ठेवलं होतं. हे मला प्रामाणिक वाटतं. आपल्याला काय झेपणार नाही ते आधीच सांगणारी सर्व्हिस तपासायला सोपी असते.

एकच आडनाव, तीन स्पेलिंगं

उरली गोष्ट इंटरऑपरेबिलिटीची, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या यंत्रणांचं एकमेकांशी पटणं. इथे सगळे तांत्रिक विद्वान शेवटी स्वल्पविरामावरून भांडतात.

हे भांडण जुनं आहे. २००० साली सोप १.१ आलं. सोप म्हणजे एक्सएमएलच्या पाकिटातून निरोप पाठवायची पद्धत. तीच पद्धत, तोच कागद वाचून प्रत्येक कंपनीनं आपापलं टूलकिट बनवलं, आणि एकाचं पाकीट दुसऱ्याला उघडेना. मग २००१ च्या सुमारास सोपबिल्डर्स नावाच्या गटात प्रोग्रामर मंडळींनी फेऱ्या सुरू केल्या. प्रत्येकानं आपल्या सर्व्हरवर अगदी बाळबोध सेवा ठेवायची: आलेला शब्द तसाच परत दे, आलेला आकडा तसाच परत दे, आलेली तारीख तशीच परत दे. मग प्रत्येकानं प्रत्येकाला हाका मारायच्या आणि तक्ता भरायचा. शब्द जमले. तारखेला, दशांशाला आणि "काहीच नाही" या किमतीला फेस आला. माझ्या मते इंटरऑपची इतकी निखळ टेस्ट नंतर कोणी केली नाही. २००२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मिळून डब्ल्यूएस-आय ही संस्था काढली. तिनं बेसिक प्रोफाइल नावाची नियमावली केली, म्हणजे "कागदावर दहा वाटा असल्या तरी आपण सगळ्यांनी या एकीनंच जायचं". सोबत दोन टूल्स दिली: एक मध्ये बसून निरोप टिपणारं, दुसरं टिपलेले निरोप नियमावलीशी ताडणारं. २०१० मध्ये ही संस्था ओएसिस या प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेत विलीन झाली. तोवर जग जेसन या जास्त सुटसुटीत साच्याकडे वळलं होतं आणि लोकांना वाटलं की कटकट संपली.

कटकटीनं फक्त घर बदललं. जेसनमध्ये खाते क्रमांक आकडा म्हणून पाठवा, सुरुवातीची शून्यं गळून पडतात. मोठा क्रमांक पाठवा, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांकाची खात्री देते. त्यापुढे ९००७१९९२५४७४०९९३ पाठवलात तर शेवटचा ३ मुकाट्यानं २ होतो. चूक नाही, इशारा नाही, लॉग नाही. खाते क्रमांक हा आकडा नसतो, ते नाव असतं. त्याची बेरीज कोणी करत नाही.

वेळेचं तसंच. १ एप्रिलला रात्री साडेबाराला कोणी पावती फाडली. सर्व्हर जागतिक वेळेत नोंद करतो, ती होते ३१ मार्च, संध्याकाळी ७. पलीकडच्या यंत्रणेनं फक्त तारीख उचलली तर पावती आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, त्यामुळे पूर्ण तासांचाच हिशेब करणाऱ्या परदेशी कोडचीही यात फजिती होते.

पण माझा सगळ्यात आवडता बग आपल्याच लिपीतला आहे. एका पतसंस्थेच्या कामात खातेदाराचं नाव एका यंत्रणेतून दुसरीत ताडून बघायचं होतं. आडनाव कुऱ्हाडे. दोन्ही पडद्यांवर कुऱ्हाडे. यंत्रणा म्हणे, जुळत नाही. मॅनेजर, मी आणि डेव्हलपर तिघं दोन्ही पडद्यांना नाक लावून बघतोय, काना-मात्रा सगळं सारखं. शेवटी बाइट मोजले, म्हणजे नावानं यंत्रात किती जागा घेतली ते. एकीकडे २४, दुसरीकडे २७.

कारण मराठीतला तो अर्धा र. "कुऱ्हाडे" लिहिताना एक कीबोर्ड "ऱ" हे स्वतंत्र अक्षर वापरतो. दुसरा साधा र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो, झेडडब्ल्यूजे: "कुर्‍हाडे". डोळ्याला एकच, यंत्राला दोन वेगळी आडनावं. तिसरा प्रकार र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देणारा. युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं, प्रमाणीकरण लावलं तर नुक्त्याचा प्रकार आणि "ऱ" एक होतात, पण अदृश्य जोडचिन्हाचा वेगळाच राहतो, तो तुम्हाला स्वतःच्या हातानं सरळ करावा लागतो. "ॲड." आणि "अॅड." यांचंही हेच, आणि वकीलसाहेबांशी वाद कोण घालणार? तेव्हापासून माझ्या टेस्टच्या यादीत पहिलं नाव कुऱ्हाडे असतं, तिन्ही प्रकारे. परदेशात बनलेल्या टूलच्या नमुना डेटात हे सापडणार नाही, आपल्यालाच घालावं लागतं.

एक जुना सल्ला या संदर्भात नेहमी ऐकवला जातो. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, १९८० मध्ये, जॉन पोस्टेल यांनी लिहिलं होतं, त्याचा आशय असा: देताना काटेकोर राहा, घेताना उदार. तेव्हा त्याचा उपयोग झाला. पण पैशाच्या कामात मला हा सल्ला धोक्याचा वाटतो. तुम्ही वाकडंतिकडं सांभाळून घेत गेलात की पाठवणारा सुधारत नाही, आणि चार वर्षांनी तुमचा सर्व्हर बदलला की त्याचं वाकडं तुमचा गुन्हा ठरतं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी करार लिहून ठेवावा (पॅक्टसारखी टूल्स हेच करतात) आणि कोणाचाही कोड बदलला की करार पुन्हा ताडून बघावा.

हे सगळं बघायला कंपनी किंवा बँक लागत नाही. जेमीटर हे लोड टेस्टचं टूल फुकट आहे. लॅपटॉपवर दहा-पंधरा ओळींची सर्व्हिस लिहा: क्रमांक घे, फाइलमध्ये लिही, अर्धा सेकंद थांब, मग "झालं" म्हण. तिला आधी १० जणांकडून हाका मारा, मग ५०, मग ५०० आणि वेळेचा आलेख काढा. रेघ बराच वेळ आडवी सरकते आणि एका ठिकाणी अचानक उभी राहते. ती जागा टिपून ठेवा. मग उत्तर न आल्यास पुन्हा पाठवायची सोय करा, एक हजार वेगवेगळे क्रमांक सोडा, आणि चाचणी मध्यावर असताना सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करा. शेवटी फाइलमधल्या ओळी मोजा. पाठवले होते १,०००. तिथे १,००७ निघाल्या, तर ते जादा सात कोणाचे ते शोधायला बसा.